राणीसाहेबांची तहान

वीरण्णाचं काळीज पहिल्यांदा फुटलं ते लोहा गावच्या बाजारात, भर खेळात, आणि पाठीच्या बाजूनं.

पाठीची बाजू ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथनंच सुरू झाला.

शेषेराव मालकांच्या नाटक मंडळीत वीरण्णा राणी व्हायचा. निजामाचं राज्य उतरणीला लागलं होतं, पण ते अजून कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. बोलपटाचा तंबू लातूरला येऊन गेला होता आणि त्यात बायकांची कामं खऱ्या बायका करतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही किनवटपासून निलंग्यापर्यंत वीरण्णाच्या राणीचा मान कमी झाला नव्हता. एरवी हा रुंद खांद्याचा, मोठ्या पंजाचा गडी. दोन पोती एका दमात उचलील असा. पण तोंडाला रंग लागला, अंबाड्यावर फुलांची वेणी बसली, की त्याच पंजाची बोटं अशी काही वळायची की पुढं बसलेले म्हातारे फेट्याच्या शेवानं डोळे पुसायच्या तयारीला लागत. आपण पदर कसा सावरतो हे बघून लातूरच्या बायका पदर घ्यायला शिकल्या, असं वीरण्णा सांगे. त्याची बायको कमलम्मा म्हणे, "हां, आन तुमी कुणाचं बघून शिकलात ते बी सांगा."

मंडळीचा हुकमी खेळ एकच. राज्यातून हाकललेली राणी रानात राजाची वाट बघते. तिसऱ्या अंकात ती एकटी उभी राहून विरहाचं पद म्हणते, उजवा तळवा डाव्या छातीवर ठेवते, आणि तंबूत शिंक सुद्धा ऐकू येत नाही. लोह्याला त्या दिवशी तळवा छातीवर पोचला आणि त्याच वेळी डाव्या बरगडीच्या खाली, पाठीकडून, कुणी तरी पिळा घातल्यासारखी कळ आली. ती कमरेतून खाली जांघेपर्यंत उतरली. वीरण्णा गुडघ्यावर आला, मग त्याचं कपाळ फळीला लागलं, आणि तोंडातून असा एक हुंकार निघाला जो कुठल्याही तालमीत कुणी बसवला नव्हता. पेटीवाला शहाणा. त्यानं तो सूर तसाच धरून ठेवला.

तंबूत एकच गिल्ला झाला, "वन्समोअर!" खेळात सरकारच्या विरुद्ध काही बोलतात की काय हे बघायला पुढच्या खुर्चीवर बसवलेला जमादार, तोसुद्धा टाळ्या पिटत होता. कळ लाटेसारखी यायची आणि ओसरायची, त्यामुळं वन्समोअरची सोय आपोआपच झाली.

विंगेत शेषेरावांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "वीरण्णा," ते म्हणाले, "हे पडणं असंच ठेव. शिवरात्रीच्या जत्रेत लातुरात हेच पाहिजे."

"मालक, मी पडलो न्हाई. मी मरून राहिलो."

"तेच ठेव म्हणतो ना."

शेषेराव माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या मनात एक बेत शिजत होता. नांदेडला त्यांनी प्रेमला नावाची गाणारी बाई ऐकली होती. गळा गोड, वय कोवळं, आणि मुख्य म्हणजे बाई. "शिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेत तूच राणी," ते वीरण्णाला म्हणाले होते, "त्यानंतरचं त्यानंतर बघू." वीरण्णाला त्याचा अर्थ कळत होता. जत्रेचा खेळ रंगला तर राणीपद राहील. नाही रंगला, किंवा राणीच आजारी आहे असं मालकांना कळलं, तर उरलेलं आयुष्य दाढी लावून राणीच्या बापाचं काम करायचं. त्याला मरणाची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच दाढीची.

सर्व्हिस मोटारीनं तो लातूरला घरी आला. कमलम्मा सुपात तूर निवडत होती. त्यानं उंबऱ्यातच थांबून हात छातीवर ठेवला.

"कमल, आता माझा भरवसा धरू नको. काळीज गेलं."

"कवा धरला होता?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "कुठं दुखतंय?"

वीरण्णाचा उजवा हात छातीवर होता. डावा मात्र मागं कमरेच्या वर घट्ट दाबून धरलेला. कमलम्मानं आधी एक हात पाहिला, मग दुसरा.

"दुखतंय ते धरलंय, का शोभतंय ते?"

"इतकी वर्षं विरहात काढली. काळीज झिजणार न्हाई तर काय हुईल?"

"विरहात मी काढली," कमलम्मा पायात चपला सरकवत म्हणाली. "तुमी गावोगाव जेवणं हाणलात. चला डाक्टराकडं."

डॉक्टर दत्तोपंत गंजाजवळ, बाजारपेठेत राहत. हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. त्यामुळं रोग्याशी मराठीत बोलत आणि रोगाशी उर्दूत. नाटकाचे जबर शौकीन. मंडळी लातुरात असली की पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांचीच. वीरण्णाला बघताच ते उठून उभे राहिले.

"तशरीफ ठेवा राणीसाहेब. आज दरबार आमच्याकडं?"

वीरण्णानं काळजाची कथा सांगितली. सांगताना आवाज जरा तिसऱ्या अंकातला लागला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला अंगरखा काढायला सांगितला. छातीवर चांदीच्या करड्यात, गळ्यातल्या डबीत, इष्टलिंग होतं. ते न हलवता त्यांनी बाजूनं ऐकायची नळी लावली. पण त्यांची नजर अडकली ती बरगड्यांवरच्या रुंद तांबड्या वळावर.

"हे काय? घोड्याचा तंग बांधता की काय?"

"पट्टा हाय. राणीची कंबर बारीक दिसाया लागती."

"श्वास घ्या जोरात. आणखी. बस, एवढाच?" डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. "वीरण्णा, तुमच्या पेटीवाल्याचा भाता दोरीनं आवळून बांधला आणि वाजव म्हटलं, तर तो काय म्हणेल?"

"आय-बाप काढंल."

"तुमच्या फुप्फुसांना तोंड नाही म्हणून ती काढत नाहीत. ती बिचारी आपण होऊन काहीच करत नसतात. हवा आत ओढायची ताकदच नाही त्यांच्यात. त्यांच्या खाली घुमटासारखा आडवा पडदा आहे मांसाचा. तो खाली उतरतो, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीत जागा होते, म्हणून हवा आत शिरते. ती फांद्या-फांद्यांतून बारीक होत शेवटी द्राक्षाच्या घोसासारख्या फुग्यांत पोचते. फुगे इतके पातळ की तिथं हवा रक्तात उतरते आणि रक्तातली खराब हवा बाहेर पडते. तुम्ही बरगड्याच बांधून टाकल्या, तर पडद्यानं एकट्यानं किती ओढायचं?"

"मंजे काळीज न्हाई?" वीरण्णाच्या आवाजात थोडी निराशा होती.

"काळजाचंही बघू. मूठ वळा."

वीरण्णानं मूठ वळली.

"काळीज एवढं."

त्यानं मुठीकडं बराच वेळ पाहिलं. "एवढंच?"

"राणीचं असलं तरी एवढंच. आणि असतं छातीच्या मध्यावर, टोक तेवढं डावीकडं झुकलेलं. पदाच्या वेळी तुम्ही हात ठेवता तो पार बगलेत. मी दर खेळाला म्हणतो, सांगावं का नको." डॉक्टरांना आता रंग चढला होता. "आत चार खोल्या. उजव्या बाजूला अंगभर फिरून मळलेलं रक्त येतं, ते तिथून फुप्फुसांकडं जातं, ताजं होऊन डाव्या बाजूला येतं, आणि डावी बाजू ते जोरानं सगळ्या अंगात सोडते. मधली दारं एकाच दिशेला उघडतात. गेलेलं पात्र त्याच विंगेतनं परत येत नाही."

"आमचा नागप्पा येतो."

नागप्पा हा मंडळीतला विदूषक. तो कुठल्या विंगेतून येईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसे.

"मग तुमचं काळीज नागप्पापेक्षा शिस्तीचं आहे. ऐका बाई, तुम्हीच ऐका." डॉक्टरांनी नळी कमलम्माच्या कानाला लावून दिली. ऐकू येतो तो आवाज त्या दारांचाच, बंद होतानाचा, हेही सांगितलं. कमलम्मा डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "उखळात कांडल्यासारखं वाजतंय. चांगलं बळकट हाय." आणि नळी परत देताना, "कुणासाठी कांडतंय ते काय कळंना."

डॉक्टरांनी वीरण्णाला पाठमोरं उभं केलं आणि डाव्या बरगडीच्या खाली मुठीच्या कडेनं हलकेच ठोकलं. वीरण्णानं असा सूर लावला की रस्त्यावरचा एक टांगेवाला थांबून आत डोकावला.

"हे गुर्दे," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडं. पाठीला लागून दोन्हीकडं एकेक, घेवड्याच्या मोठ्या दाण्यासारखी. काळीज रक्त सोडतं त्यातला चांगला मोठा वाटा आधी यांच्याकडं येतो. तुमच्या तंबूच्या दारावर तिकिटं घेणारा असतो ना, तसं यांचं काम. पण उलट्या रीतीनं. हे आधी रक्तातलं पाणी, साखर, मीठ, मळ, बहुतेक सगळ्यांना दाराबाहेर काढतात. मग ज्यांची गरज आहे त्यांना एकेक हाक मारून परत आत घेतात. बहुतेक सगळं पाणी परत येतं. मळ आणि थोडं पाणी बाहेर राहतं, त्याचं मूत्र. आता पाणीच कमी असलं तर हे शेवटचा थेंबही आत ओढून घेतात. बाहेर राहतो तो नुसता दाट, खारट चोथा. त्याचे कण बसतात, कणावर कण चढतो, खडा होतो. खडा वाटेला लागला की मूत्रपिंडाखालची मूत्राची नळी त्याला पिळून ढकलते. लोह्याला वन्समोअर मिळाला तो तिला. पाणी किती पिता?"

"पितो की," वीरण्णा म्हणाला.

"खेळाच्या दिवशी दुपारपासनं एक घोट न्हाई," कमलम्मा अभिमानानं म्हणाली. "आन खेळ तर रोजच असतोय. यांचं व्रत हाय. गल्लीत समद्यास्नी सांगते मी."

"कुठल्या देवाचं?"

वीरण्णानं आढ्याकडं पाहिलं. आढ्यावर काही नव्हतं. शेवटी बोलावं लागलं.

देवाचं नव्हतं, नऊवारीचं होतं. राणीला नेसवायला मंडळीत एक गडी होता. तो लुगडं पोटावर आवळायचा, निऱ्यांना टाके घालायचा, काष्टा कमरपट्ट्याला पिनांनी जखडायचा, त्यावर पट्टा, वर दागिने. ही तयारी दुपारी सुरू व्हायची ती खेळ उभा राहीपर्यंत चालायची. एकदा बांधलेली राणी सुटायची ती शेवटचा पडदा पडल्यावरच. मध्येच लघवीला जायचं म्हणजे सगळा खेळ थांबवायचा. म्हणून वीरण्णाला ज्यांनी राणी शिकवली त्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, राणीला तहान लागली तरी तिनं प्यायचं नसतं. त्यांनाही त्यांच्या गुरूंनी तेच सांगितलं होतं. बायकांची कामं करणारे सगळे हेच पाळत.

"आता पाळलंत तर खडा तिथंच बिऱ्हाड करील," डॉक्टर थट्टा सोडून म्हणाले. "वाट तुंबली तर मूत्रपिंडच निकामी होईल. पाणी हेच औषध. भरपूर, दिवसभर. पट्टा बंद."

"पाणी पिऊन राणी होता येत न्हाई, डॉक्टरसाहेब," वीरण्णा म्हणाला. या वेळी आवाज कुठल्याच अंकातला नव्हता. "आन राणी न्हाई झालो, तर प्रेमला हाय."

कमलम्मा आपल्या अंगावरच्या लुगड्याकडं बघत होती.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "माझ्या अंगावर काय हाय?"

"लुगडं."

"कितीवारी?"

"नऊवारी."

"मी हेच नेसून पहाटंपासनं पाणी आणते, रानात जाते, जत्रा करते. मग मी काय आजवर तहानलेली हाय का? लातूरच्या समद्या बायका तहानेनं मेल्यात का?"

डॉक्टर आधी हसले, मग खोकले, मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वीरण्णा बायकोकडं असा बघत राहिला, जणू शेवटच्या अंकात परतणारा राजा दुसऱ्याच अंकात परतला होता. गुरू पुरुष, गुरूंचे गुरू पुरुष, नेसवणारा पुरुष. इतक्या पिढ्यांत बाईचं काम करणाऱ्या एकालाही बाईला विचारायचं सुचलं नव्हतं.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"व्रत म्हणून सांगितलंत मला. व्रताला काय लुगडं सोडून दाखवायचं?"

मंडळीच्या रंगपटात आजवर बाईनं पाऊल टाकलं नव्हतं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, खेळाच्या आधी, कमलम्मा बगलेत लुगडं आणि हातात तांब्या घेऊन आत शिरली. शेषेराव दारात आडवे आले.

"कमलाबाई, इथं बायका येत न्हाईत. रिवाज हाय."

"आत काय बसलंय मग ते?" तिनं तोंडाला रंग लावून बसलेल्या नवऱ्याकडं बोट केलं. "तुमच्या रिवाजानं दगड पाडलाय पोटात. सरका."

शेषेराव सरकले, पण दगडाची गोष्ट त्यांच्या कानात राहिली. ते नेसवणं बघत उभे राहिले. एक टाका नाही, एक पिन नाही. ओचा असा खोवला, काष्टा असा मोकळा पण पक्का, आणि कुठून काय सैल करायचं नि परत कसं खोवायचं ते तिनं नवऱ्याकडून तीनदा करवून घेतलं. पट्टा तिनं खुंटीला टांगला. नेसवणारा गडी कोपऱ्यात उभा राहून आपल्या सुईदोऱ्याकडं बघत होता.

"कंबर जाड दिसंल," शेषेराव कुरकुरले.

"राणी खाती-पिती घरची हाय," कमलम्मा म्हणाली.

वीरण्णा सकाळपासून पीत होता. साधं पाणी, सातूचं पाणी, हुलग्याचं माडगं, परत साधं पाणी. पहिल्या अंकात तो राजाच्या पायाशी वाकला तेव्हा पोटातली डचमळ राजाला ऐकू आली. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर मात्र वेळ आली. नागप्पाशी खूण ठरलेली होती. राणीनं घागर उचलली, "मी नदीवर जाऊन येते हं," म्हणाली, आणि वनवासी माणसाला न शोभणाऱ्या लगबगीनं विंगेत गेली.

नागप्पा या खेळात रानाचा राखणदार होता. रंगमंच त्याच्या एकट्याच्या हाती आला. डॉक्टरांचं सगळं बोलणं वीरण्णानं त्याला तालासुरात ऐकवलं होतं. ते त्यानं बाहेर काढलं.

"आता हे रान मंजे माणसाचं अंग," तो म्हणाला, "आन मी दारावरचा गुर्दा. चला, समदे भायेर. आता मी बोलवीन तो आत." मग पहिल्या रांगेपासून एकेकाला निरखू लागला. "हे सावकार दिसतात. साखर हाय, आत घ्या. हे म्हातारबाबा, मीठ हाय, लागतंय थोडं, आत या. ह्या पाहुण्याचं काय करावं?" इथंही पुढं बसवलेल्या जमादारापाशी येऊन तो थबकला. "तुमी बसा साहेब. तुमाला भायेर काढायचं आमच्या हातात न्हाई." जमादार एक क्षण कडक बसला आणि मग मिशीतल्या मिशीत हसला. डॉक्टर दत्तोपंत खुर्चीत वाकून पोट धरून बसले होते.

मागं कनातीच्या आडोशाला वीरण्णाला कळ आली होती. लोह्याच्या दुप्पट. बाहेर कमलम्मा तांब्या घेऊन उभी होती. तंबूतून हसण्याच्या लाटा येत होत्या आणि कनातीच्या आत कण्हण्याच्या. डॉक्टरांनी सांगून ठेवल्यामुळं खाली पितळी भांडं ठेवलं होतं. कण्हणं थांबलं. कमलम्मानं कनातीला कान लावला. मग भांड्यात काहीतरी टणकन वाजलं.

"कमल," आतून आवाज आला, "खोचायचं कुठनं सांगितलं होतंस?"

तिनं आत जाऊन ओचा खोवून दिला, तोंडावरचा घाम टिपला, तांब्या तोंडाला लावला. "प्या आधी," म्हणाली. राणी तांब्या रिकामा करून रानात परतली.

तिसऱ्या अंकात सगळा तंबू एकाच गोष्टीची वाट बघत होता. लोह्याचं पडणं आसपासच्या गावांत गाजलं होतं. वीरण्णानं श्वास घेतला. पट्टा नव्हता. बरगड्या उघडल्या, पडदा खाली उतरला, आणि इतकी हवा आत आली की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. जो सूर निघाला तो लांबत गेला, लांबत गेला, पेटीवाल्यानं मान वर करून पाहिलं तरी चालूच राहिला. हात सवयीनं बगलेकडं निघाला. पहिल्या रांगेत डॉक्टर दिसले. हात वाटेतच वळला आणि छातीच्या मध्यावर येऊन बसला.

"पडा, राणीसाहेब, पडा," मागून कुणीतरी ओरडलं.

राणी पडली नाही. उभ्या उभ्याच तिनं पद संपवलं, आणि वन्समोअर आला तेव्हा पुन्हा म्हटलं.

"पडायचं होतंस," शेषेराव नंतर म्हणाले. पण तंबू अजून घुमत होता, आणि त्यांना कान होते. थोड्या वेळानं म्हणाले, "ती घागरीची जागा राहू दे. आन येत्या साली भोकरला बी तूच."

प्रेमला आली, पण दोन वर्षांनी. तोवर वीरण्णाचे केस पांढरे झाले होते आणि राणीच्या बापाची दाढी त्याला पूर्वीइतकी भयंकर वाटत नव्हती. राणीचं सगळं काम त्यानंच तिला शिकवलं. पहिल्या दिवशी तिच्यापुढं तांब्या ठेवून म्हणाला, "आधी हे पी. मग हात कुठं ठेवायचा ते सांगतो."

जत्रेतल्या त्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी वीरण्णानं खडा डॉक्टरांकडं नेला होता. हुलग्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, काटेरी, तपकिरी. वीरण्णा तळहातावर घेऊन दुखावल्यासारखा बघत होता.

"एवढाच?"

"काळीज दाखवलं तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

खडा राणीच्या दागिन्यांच्या डबीत, खोट्या मोत्यांत जाऊन बसला. पुढं कोणी पाहुणा आला की वीरण्णा त्या खेळाची गोष्ट सांगे, आणि दर सालाला खडा वाढे. रझाकारांची धामधूम सुरू झाली तोवर तो तुरीएवढा झाला होता. निजाम गेला तेव्हा बोराएवढा. नातवंडांच्या वेळी आवळ्याला टेकला. कमलम्मा मध्ये बोलत नसे. गोष्ट संपली की उठून डबी आणायची, झाकण उघडून पाहुण्यापुढं धरायची, आणि पाहुणा वाकून खडा शोधत असताना नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. तो रिता होईपर्यंत डबी मिटायची नाही.